५३-एन क्रमांकाची बाटली

परळला हाफकिन संस्थेच्या दारावरून रोज हजारो रुग्ण आणि नातेवाईक आजूबाजूच्या रुग्णालयांकडे जातात. ज्यांचे नाव या संस्थेला आहे, ते मुंबईत आले तेव्हा त्यांना काम करायला धड जागाही नव्हती, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात, ज्यू कुटुंबात झाला. ज्यू असल्यामुळे रशियात प्राध्यापकीची वाट बंद होती. १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सहायक ग्रंथपाल म्हणून रुजू झाले आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम करू लागले. तिथेच त्यांनी पटकीवरची, म्हणजे कॉलऱ्यावरची लस तयार केली. १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

पुढच्या वर्षी ते भारतात आले. १८९४ मध्ये कलकत्त्याच्या एका वस्तीत पटकी पसरली. तिथल्या सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत आणखी १० जण आजारी पडले, त्यांतले ७ दगावले. आणि हे दहाही जण लस न घेतलेले होते. एकाच वस्तीत राहणारे, एकच पाणी पिणारे, फरक फक्त लशीचा. लस देणे जितके महत्त्वाचे, तितकेच न घेतलेल्यांची नोंद ठेवणे महत्त्वाचे, हे हाफकिन यांना पक्के कळले होते.

१८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. सरकारने हाफकिन यांना बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी तीही आधी स्वतःला टोचली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस दिली आणि बाकीच्यांशी तुलना केली. लस घेतलेल्यांत आजार स्पष्टपणे कमी आढळला. कैद्यांवरचा असा प्रयोग आजच्या नीतिनियमांत बसणार नाही, पण तुलनेची रीत तीच राहिली.

मागणी वाढली, जागा मात्र पुरेना. मलबार हिलवरचा बंगला, मग आगाखान यांनी दिलेला माझगावचा खुश्रू लॉज, असे करत १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्रयोगशाळा स्थिरावली. साथ येऊन तोवर जवळजवळ तीन वर्षे झाली होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने गेले. या सगळ्यांची लस ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतली होती. चौकशी समितीने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांचे संचालकपद गेले आणि पंजाबातली लसीकरण मोहीम थंडावली. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही बाब आधी दुर्लक्षित राहिली. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ पाठीशी उभे राहिले, तेव्हा १९०७ मध्ये हाफकिन यांच्यावरचा ठपका गेला. ते कलकत्त्याला परतले, पण पूर्वीचे काम हाती आले नाही. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

कोविडच्या पहिल्या लाटेत आमच्या वॉर्डात आम्ही अनेक औषधे केवळ आशेवर दिली. त्याच वेळी ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयांचे जाळे एकाच चाचणीत गुंतले होते. मार्च २०२० मध्ये ती सुरू झाली आणि जूनमध्ये डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे प्राण वाचतात हे सिद्ध झाले. औषध आमच्याही कपाटात होते. नव्हती ती तुलना करण्याची तयार घडी. अशी घडी साथ नसतानाच बसवावी लागते. जिल्हा रुग्णालयांत संशोधनासाठी माणसे, सारखे नोंदपत्रक आणि पूर्वीच मंजूर झालेला आराखडा हवा.

आणि आणखी एक गोष्ट हवी. हातून चिमटा पडला, हे मदतनिसाला त्याच क्षणी, नोकरीची भीती न बाळगता सांगता यायला हवे. बाटली तेव्हाच बाजूला ठेवली असती, तर मुल्कोवालचे १९ जीव वाचले असते.