गॅरी गायगॅक्स

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स (२७ जुलै, १९३८:शिकागो, इलिनॉय, अमेरिका - ४ मार्च, २००८:लेक जिनीव्हा, विस्कॉन्सिन, अमेरिका) हे अमेरिकन खेळरचनाकार, लेखक आणि प्रकाशक होते. डेव्ह आर्नेसन यांच्यासह त्यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ निर्माण केला. १९७४ साली प्रसिद्ध झालेला हा खेळ जगातील पहिला व्यावसायिक भूमिकाभिनय खेळ (रोल-प्लेइंग गेम) मानला जातो. टीएसआर ही प्रकाशनसंस्था आणि जेनकॉन हे खेळाडूंचे वार्षिक संमेलन यांचेही ते संस्थापक होते. आपल्याच खेळामुळे भरभराटीस आलेल्या कंपनीतून त्यांना १९८६ मध्ये बाहेर पडावे लागले.

पार्श्वभूमी

भूमिकाभिनय खेळात पट आणि सोंगट्या असल्या तरी त्यांना दुय्यम स्थान असते. प्रत्येक खेळाडू योद्धा, मांत्रिक, धर्मोपदेशक किंवा चोर अशा एखाद्या काल्पनिक पात्राची भूमिका घेतो आणि ते पात्र काय करते हे बोलून सांगतो. एक जण सूत्रधार असतो. त्याला डंजन मास्टर असे म्हणतात. तो प्रसंगाचे वर्णन करतो, राक्षसांच्या आणि इतर पात्रांच्या वतीने बोलतो आणि नियमांचा निवाडा करतो. एखादे कृत्य साधले की फसले, हे फाशांवर ठरते. सारीपाटाप्रमाणे एकाचा विजय व दुसऱ्याचा पराभव होऊन हा खेळ संपत नाही. तेच पात्र घेऊन तोच खेळ अनेक महिने किंवा वर्षे चालू शकतो आणि पात्र अनुभवाने बलवान होत जाते.

सुरुवातीचे जीवन

गायगॅक्स यांचे वडील स्वित्झर्लंडमधून आलेले स्थलांतरित होते आणि व्हायोलिन वाजवीत. १९४६ साली हे कुटुंब शिकागो सोडून लेक जिनीव्हा या विस्कॉन्सिनमधील लहान गावी राहण्यास आले. हे त्यांच्या आईचे गाव होते. गायगॅक्स यांना लहानपणापासून बुद्धिबळाची आणि वाचनाची आवड होती. स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या अद्भुतकथांच्या मासिकांतून रॉबर्ट ई. हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर आणि जॅक व्हॅन्स यांच्या कथा त्यांनी वाचल्या. पुढे त्यांच्या खेळावर या लेखकांचा ठसा उमटला.

त्यांनी शालेय शिक्षण अर्धवट सोडले. काही काळ ते अमेरिकन मरीन दलात दाखल झाले होते, परंतु आजारपणामुळे त्यांना लवकरच सेवामुक्त करण्यात आले. १९५८ मध्ये त्यांचा मेरी जो पॉवेल यांच्याशी विवाह झाला; या दांपत्यास पाच अपत्ये झाली. उदरनिर्वाहासाठी ते शिकागोतील विमा कंपनीत अंडररायटर म्हणून नोकरी करीत. १९७० मध्ये ही नोकरी गेल्यानंतर त्यांनी घरी पादत्राणे दुरुस्त करण्याचे काम पत्करले आणि उरलेला वेळ खेळांच्या रचनेस दिला.

युद्धखेळ आणि जेनकॉन

अमेरिकन यादवी युद्धावर आधारलेल्या गेटिसबर्ग या पटावरील खेळामुळे गायगॅक्स युद्धखेळांकडे वळले. त्या काळी या छंदाचे चाहते देशभर विखुरलेले होते. एकमेकांचा शोध घेण्यासाठी त्यांच्याकडे टपाल आणि सायक्लोस्टाइल केलेली हौशी पत्रके हीच साधने होती. गायगॅक्स अशा पत्रकांतून सातत्याने लेखन करीत. इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ वॉरगेमर्स या संघटनेच्या उभारणीत त्यांचा वाटा होता.

१९६७ मध्ये त्यांनी आपल्या घराच्या तळघरात सुमारे वीस खेळाडूंना एकत्र बोलावले. पुढच्या वर्षी त्यांनी गावातील हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्याने घेऊन पहिले जेनकॉन संमेलन भरवले. हे नाव गावाच्या नावावरून आणि युद्धविषयक जिनीव्हा करारावर कोटी करून ठेवण्यात आले होते. १९६९ च्या संमेलनात त्यांची मिनेसोटातील तरुण खेळाडू डेव्ह आर्नेसन यांच्याशी ओळख झाली.

मध्ययुगीन लढायांसाठी जेफ पेरेन यांनी लिहिलेल्या नियमांचा विस्तार करून गायगॅक्स यांनी चेनमेल हे पुस्तक तयार केले. ते १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या शेवटी जोडलेल्या पुरवणीत मांत्रिक, ड्रॅगन आणि अद्भुतकथांतील इतर जीव यांच्यासाठीही नियम होते. मूळ पुस्तकापेक्षा ही पुरवणीच अधिक गाजली.

डंजन्स अँड ड्रॅगन्स

चेनमेलच्या नियमांचा आधार घेऊन आर्नेसन यांनी ब्लॅकमूर नावाच्या काल्पनिक प्रदेशातील खेळ सुरू केला होता. त्यात खेळाडूकडे सैन्याऐवजी एकच पात्र असे. हे पात्र किल्ल्याखालील भुयारांत शिरे, तेथील संकटांना तोंड देई आणि अनुभव मिळवून पुढच्या पायरीवर जाई. १९७२ च्या अखेरीस आर्नेसन यांनी लेक जिनीव्हा येथे येऊन हा खेळ गायगॅक्स यांना दाखवला. गायगॅक्स यांनी लगेच नियमांचा पहिला मसुदा लिहिला आणि ग्रेहॉक नावाचा स्वतःचा काल्पनिक किल्ला रचला. त्यात प्रथम उतरणारे खेळाडू त्यांचीच दोन मुले होती.

दोघांच्या योगदानाची विभागणी पुढे वादाचा विषय ठरली. एकेका पात्राची भूमिका घेणे, भुयारांचा शोध आणि सलग चालणारा खेळ या कल्पनांचे श्रेय सामान्यतः आर्नेसन यांना दिले जाते. या कल्पनांना लिखित आणि कोणालाही वापरता येतील अशा नियमांचे रूप देणे, मंत्रांची व राक्षसांची सविस्तर मांडणी करणे आणि ते प्रसिद्ध करणे हे मुख्यतः गायगॅक्स यांचे कार्य होते. मांत्रिकाने मंत्र पाठ करावा आणि एकदा उच्चारल्यावर तो विसरावा, ही पद्धत त्यांनी जॅक व्हॅन्स यांच्या कथांवरून घेतली. नेहमीच्या सहा बाजूंच्या फाशाशिवाय चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचे फासेही खेळात आले; असे फासे त्यांना शालेय साहित्याच्या सूचिपत्रात आढळले होते.

या खेळाला प्रकाशक मिळेना. त्यामुळे ऑक्टोबर १९७३ मध्ये गायगॅक्स आणि त्यांचे बालमित्र डॉन के यांनी प्रत्येकी १,००० डॉलर घालून टॅक्टिकल स्टडीज रूल्स (टीएसआर) ही भागीदारी संस्था स्थापन केली. हे भांडवलही अपुरे पडले. ब्रायन ब्लूम यांनी आणखी २,००० डॉलर घातल्यानंतर जानेवारी १९७४ मध्ये खेळाची पहिली आवृत्ती निघाली. तीन पुस्तिकांच्या या संचाच्या १,००० प्रती हाताने जुळवण्यात आल्या आणि वर्षभराच्या आत त्या संपल्या.

टीएसआरची वाढ

जानेवारी १९७५ मध्ये डॉन के यांचे हृदयविकाराने निधन झाले. त्यांचा वाटा विकत घेण्याइतके पैसे गायगॅक्स यांच्याकडे नव्हते. त्यामुळे ब्लूम कुटुंबाच्या पैशातून टीएसआर हॉबीज ही नवी कंपनी स्थापन झाली. कालांतराने गायगॅक्स यांच्याकडे सुमारे ३५ टक्केच भाग राहिले. या घटनेचे परिणाम दहा वर्षांनी दिसून आले.

१९७५ मध्ये कंपनीने द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू हे पत्रक सुरू केले आणि १९७६ मध्ये त्याच्या जागी द ड्रॅगन हे मासिक आले. नवे राक्षस, नवे मंत्र, नियमांचे खुलासे आणि खेळाडूंची पत्रे यांमुळे हे मासिक खेळाच्या चाहत्यांचे प्रमुख संदर्भस्थान बनले. १९७७ ते १९७९ या काळात गायगॅक्स यांनी ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स या विस्तारित आवृत्तीचे मॉन्स्टर मॅन्युअल, प्लेयर्स हँडबुक आणि डंजन मास्टर्स गाइड हे तीन ग्रंथ लिहिले. शेवटच्या ग्रंथातील एका परिशिष्टात त्यांनी आपल्याला प्रेरणा देणाऱ्या लेखकांची यादी दिली. अद्भुतकथांचे अनेक वाचक आजही ती यादी वाचनसूची म्हणून वापरतात.

पहिल्या आवृत्तीत प्रत्येक सूत्रधाराने नियम हवे तसे बदलावेत, असे खेळाडूंना सुचवले होते. विस्तारित आवृत्तीत मात्र संमेलनांतील स्पर्धांसाठी सर्वत्र समान नियम असावेत, असा आग्रह गायगॅक्स यांनी धरला. त्यांच्या भूमिकेतील या बदलावर खेळाडूंमध्ये बराच वाद झाला.

वाद

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या साहित्याचे हक्क असलेल्या पक्षाच्या आक्षेपामुळे १९७७ मध्ये खेळातून हॉबिट, एंट आणि बालरॉग ही नावे काढून टाकावी लागली. हॉबिटच्या जागी हाफलिंग हा शब्द आला आणि तोच पुढे रूढ झाला.

विस्तारित आवृत्तीच्या ग्रंथांवर केवळ गायगॅक्स यांचे नाव होते. हा वेगळा खेळ असल्याने त्यावर आर्नेसन यांना मानधन लागू होत नाही, अशी कंपनीची भूमिका होती. आर्नेसन यांनी १९७९ मध्ये दावा दाखल केला. १९८१ मध्ये तडजोड होऊन दोघांनाही मूळ खेळाचे सहनिर्माते म्हणून मान्यता मिळाली. एकेकाळच्या या सहकाऱ्यांचे संबंध मात्र पूर्ववत झाले नाहीत.

१९७९ मध्ये मिशिगनमधील एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि वृत्तपत्रांनी त्याचा संबंध या खेळाशी जोडला. खेळ हे त्याचे कारण नव्हते, हे नंतर स्पष्ट झाले. परंतु तोवर खेळ देशभर चर्चेत आला होता. १९८० च्या दशकात काही धार्मिक गट आणि पालकांच्या संघटनांनी त्यावर जादूटोणा व आत्महत्या यांना उत्तेजन देत असल्याचा आरोप केला. गायगॅक्स यांना धमक्यांची पत्रे आली आणि काही काळ अंगरक्षक ठेवावा लागला. १९८५ मध्ये सिक्स्टी मिनिट्स या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांनी खेळाची बाजू मांडली. या गदारोळाच्या काळात खेळाचा खप मात्र वाढला.

कंपनीतून बाहेर

१९८३ मध्ये गायगॅक्स यांचा पहिला विवाह संपुष्टात आला. त्याच सुमारास कंपनीच्या चित्रपट व दूरचित्रवाणी व्यवहारांसाठी ते कॅलिफोर्नियात राहण्यास गेले. त्यांच्या सहभागाने तयार झालेली डंजन्स अँड ड्रॅगन्स ही ॲनिमेशन मालिका सीबीएस वाहिनीवर १९८३ ते १९८५ या काळात प्रसारित झाली. ते दूर असताना कंपनीचा कारभार ब्रायन व केव्हिन ब्लूम हे बंधू पाहत होते. बेसुमार विस्तारामुळे कंपनी कर्जात बुडाली.

परत आल्यावर गायगॅक्स यांनी भाग घेण्याचा आपला हक्क वापरून १९८५ मध्ये कंपनीवर ताबा मिळवला. अनअर्थ्ड अर्काना आणि ओरिएंटल ॲडव्हेंचर्स या ग्रंथांच्या विक्रीमुळे कंपनीची स्थिती काही प्रमाणात सावरली. व्यवस्थापनासाठी त्यांनी लोरेन विल्यम्स यांना आणले होते. परंतु ब्लूम बंधूंनी आपले भाग विल्यम्स यांनाच विकले आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये कंपनीची सूत्रे त्यांच्या हाती गेली. या विक्रीला गायगॅक्स यांनी न्यायालयात आव्हान दिले, पण त्यांना यश आले नाही. १९८६ च्या अखेरीस त्यांनी कंपनी सोडली. ग्रेहॉकचे जग आणि बहुतेक पात्रे कंपनीकडेच राहिली. गॉर्ड या त्यांच्या कादंबऱ्यांतील नायकाचे हक्क मात्र त्यांना मिळाले.

उत्तरायुष्य

१९८७ मध्ये त्यांनी गेल कार्पेंटर यांच्याशी विवाह केला. या काळात त्यांनी गॉर्डच्या कादंबऱ्या पुढे चालू ठेवल्या. १९९२ मध्ये त्यांचा डेंजरस जर्नीज हा नवा खेळ प्रसिद्ध झाला. टीएसआरने त्याविरुद्ध हक्कभंगाचा दावा लावला आणि तडजोडीनंतर त्या खेळाचे हक्क विकत घेऊन तो बंद केला. १९९७ मध्ये आर्थिक अडचणीत सापडलेली टीएसआर विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने विकत घेतली. त्यानंतर मूळ खेळाच्या प्रकाशकांशी गायगॅक्स यांचे संबंध सुधारले. १९९९ मध्ये त्यांचा लेजेंडरी ॲडव्हेंचर हा खेळ आला.

अखेरच्या वर्षांत ते इंटरनेटवर खेळाडूंच्या प्रश्नांना स्वतः उत्तरे देत. २००४ मध्ये त्यांना दोनदा पक्षाघाताचा झटका आला. ४ मार्च, २००८ रोजी वयाच्या ६९ व्या वर्षी लेक जिनीव्हा येथे त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये डेव्ह आर्नेसन यांचेही निधन झाले.

वारसा

अनुभवाने चढत जाणाऱ्या पायऱ्या, आकड्यांत मोजली जाणारी जीवनशक्ती आणि निरनिराळ्या कौशल्यांच्या पात्रांचा चमू या डंजन्स अँड ड्रॅगन्समधील संकल्पना संगणकावरील असंख्य खेळांनी स्वीकारल्या. बाल्डर्स गेट ही संगणक खेळमालिका तर थेट याच खेळाच्या नियमांवर व जगावर आधारलेली आहे.

१९९० च्या दशकात टीएसआरने चाहत्यांनी इंटरनेटवर ठेवलेल्या साहित्यावर निर्बंध घालण्याचा प्रयत्न केला होता. विझार्ड्स ऑफ द कोस्टने २००० मध्ये मुक्त परवान्याखाली नियमांचा गाभा सर्वांना वापरण्यास खुला केला. त्याच परवान्याच्या आधारे २००६ मध्ये ऑस्रिक हा संच तयार झाला. गायगॅक्स यांच्या १९७० च्या दशकातील विस्तारित आवृत्तीचे नियम त्यात नव्याने मांडलेले असून तो विनामूल्य उपलब्ध आहे. कंपनीने २०२३ मध्ये परवान्याच्या अटी बदलण्याचा प्रयत्न केला. खेळाडूंच्या तीव्र विरोधानंतर तो मागे घेण्यात आला आणि पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली प्रसिद्ध करण्यात आले. खेळाच्या नियमांवर मालकी कोणाची, हा गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्यापासून चालत आलेला प्रश्न अशा रीतीने पुढच्या पिढीच्या खेळाडूंसमोरही उभा राहिला.

जेनकॉन संमेलन २००३ पासून इंडियानापोलिस येथे भरते. गायगॅक्स यांच्या स्मरणार्थ लेक जिनीव्हा येथे २००९ पासून गॅरी कॉन हे संमेलन सुरू झाले.