'स्टुडंट' यांनी घातलेली अट

मानसशास्त्राच्या प्रबंधांत टी-चाचणी इतकी रुळली आहे की तिच्या मागे एखादा माणूस असेल, असा विचार ती वापरणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही. दोन सरासरींमधला फरक खरा की निव्वळ योगायोगाचा, याचा निवाडा ती करते. तिचे जनक विल्यम सीली गॉसेट हे ना मानसशास्त्रज्ञ होते ना प्राध्यापक. डब्लिनच्या गिनेस कंपनीच्या बिअर कारखान्यात ते नोकरीस होते आणि 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहीत असत. चाचणीबरोबर त्यांनी एक अटही घातली होती. चाचणी जगभर गेली. अट मात्र बऱ्याच ठिकाणी मागे राहिली.

गॉसेट यांचा जन्म १३ जून १८७६ रोजी इंग्लंडमधील कँटरबरी येथे झाला. वडील लष्कराच्या इंजिनीअर दलात कर्नल होते. मुलाचीही वाट तीच होती, परंतु अधू दृष्टीमुळे ती बंद झाली. विंचेस्टर येथील शाळेनंतर ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात त्यांनी गणित आणि रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले व १८९९ मध्ये ते गिनेसमध्ये रुजू झाले. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे विज्ञान पदवीधर नेमून मद्यनिर्मितीला शास्त्रीय बैठक देण्याचे धोरण कंपनीने त्या काळी स्वीकारले होते.

तेथे त्यांच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न साधा, पण अडचणीचा होता. बार्लीचे कोणते वाण सरस, हे ठरवायला हाताशी चार-सहा प्रयोगांचेच आकडे असत. तत्कालीन संख्याशास्त्र शेकड्यांनी निरीक्षणे मागे. त्या शास्त्राचे अध्वर्यू कार्ल पिअर्सन यांच्या लंडनच्या प्रयोगशाळेत गॉसेट यांनी १९०६-०७ चे वर्ष घालवले. पिअर्सन यांना लहान नमुन्यांचे फारसे सोयरसुतक नव्हते, तरी १९०८ मध्ये त्यांच्याच 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात गॉसेट यांचा निबंध प्रसिद्ध झाला. व्यापारी गुपिते फुटू नयेत म्हणून कंपनी कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावाने लिहू देत नसे. 'स्टुडंट' हे नाव आले ते त्यामुळे.

निबंधातील गणिती सिद्धता पूर्ण नव्हती आणि गॉसेट यांना त्याची जाणीव होती. म्हणून त्यांनी सूत्राचा पडताळा घेतला. तीन हजार गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी नोंदलेली मोजमापे त्यांनी घेतली, पत्त्यांसारखी पिसली आणि चार-चारांचे ७५० नमुने केले. संगणक नसलेल्या काळातले हे काम किती किचकट असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे असे उदाहरण याच निबंधात आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात कॅलामाझू येथे मनोरुग्णालय होते. तेथील दहा रुग्णांना झोपेची दोन औषधे देऊन घेतलेल्या नोंदी १९०५ मध्ये प्रसिद्ध झाल्या होत्या. दुसऱ्या औषधाने पहिल्यापेक्षा किती तास अधिक झोप लागली, हे फरक असे होते : १.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६ आणि १.४. सरासरी १.५८ तास. आजच्या रीतीने टीचे मूल्य ४.०६ येते, दुसरे औषध सरस ठरते. (औषधांची नावे मात्र निबंधात चुकीची पडली आणि ती चूक पुढे पाठ्यपुस्तकांतही गेली. आकडे बरोबर होते.)

आता अटीकडे वळू. नमुना ज्या समूहातून आला, त्यातील मोजमापे प्रसामान्य वितरणाची असावीत, म्हणजे सरासरीभोवती दाट आणि दोन्ही बाजूंना सारखीच विरळ होत जाणारी, घंटेच्या आकाराची असावीत, हे गॉसेट यांनी निबंधात आरंभीच गृहीत धरले होते. तसे नसेल तर निष्कर्ष काटेकोरपणे लागू होणार नाहीत. मात्र गंभीर चूक होण्यासाठी वितरण फारच वेडेवाकडे असावे लागेल, असा त्यांचा अंदाज होता.

या अंदाजाला १९२९ मध्ये आव्हान मिळाले. रोनाल्ड फिशर यांनी टी-चाचणी गणिती पायावर भक्कम करून १९२५ च्या आपल्या ग्रंथातून संशोधकांच्या हाती दिली होती. तिच्या दुसऱ्या आवृत्तीवर 'नेचर'मध्ये लिहिताना कार्ल यांचे पुत्र ईगन पिअर्सन यांनी प्रसामान्यतेच्या गृहीतकावर बोट ठेवले. फिशर संतापले. दोघांशीही स्नेह असलेले गॉसेट मध्ये पडले. आपली कोष्टके बहुधा तग धरतील, असे त्यांनी 'नेचर'ला कळवले; पण वितरण प्रसामान्य नसेल तेव्हा काय करावे, हे फिशर यांनी सांगावे, अशी विनंतीही केली. स्वतःच्या चाचणीची मर्यादा जाहीरपणे विचारणारा शास्त्रज्ञ विरळाच. फिशर यांच्याकडून त्यांना हवे तसे उत्तर मात्र मिळाले नाही.

गॉसेट यांना बागकाम, मासेमारी आणि होड्या बांधणे यांची आवड होती. १९३५ मध्ये लंडनमधील गिनेसच्या नव्या कारखान्याची जबाबदारी घेऊन ते इंग्लंडला परतले. १६ ऑक्टोबर १९३७ रोजी बीकन्सफील्ड येथे वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या प्रश्नाला उत्तरे नंतर येत गेली. फ्रँक विल्कॉक्सन यांनी १९४५ मध्ये आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमांकांवर चालणारी, प्रसामान्यता न मागणारी चाचणी मांडली. सिडनी सीगल यांच्या १९५६ च्या पुस्तकाने अशा चाचण्या मानसशास्त्रज्ञांपर्यंत नेल्या. प्रसामान्यता तपासणारी शापिरो-विल्क चाचणी १९६५ ची. मानसशास्त्राला त्यांची गरज होतीच. १९८९ मध्ये थिओडोर मिसेरी यांनी शैक्षणिक व मानसशास्त्रीय चाचण्यांच्या गुणांचे ४४० मोठे संच तपासले. त्यांतील एकही प्रसामान्य ठरला नाही.

तरीही यंत्रवत तपासणी हा उपाय नव्हे. नमुना लहान असला की शापिरो-विल्क चाचणीला दोष सहसा दिसत नाही. मोठा असला की किरकोळ वाकडेपणाही ती दोष ठरवते. आलेख काढून आकडे डोळ्यांनी पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. शिवाय एकाच व्यक्तीची दोन मोजमापे असतील, तर तपासायचे असते ते त्यांतील फरकांचे वितरण.

कॅलामाझूचे दहा फरक या कसोटीला लावले, तर ०.०५ च्या रूढ पातळीवर ते नापास होतात. दोष त्या एका ४.६ चा. तो वगळला तर टी कमी होण्याऐवजी ५.७ च्या आसपास जाते, कारण त्या एका रुग्णाने सरासरीपेक्षा विखुरणे अधिक वाढवले होते. विल्कॉक्सनची चाचणीही दुसऱ्याच औषधाला कौल देते : दहांपैकी नऊ रुग्ण त्याने अधिक झोपले होते आणि दहाव्याला दोन्ही औषधे सारखीच लागू पडली होती.