खाणीत सापडलेली जुनी जीन्स ८७ हजार डॉलरला गेली, आणि तिच्या खिशात लेव्ही स्ट्रॉसची अर्धी गोष्ट निघाली

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात एका जीन्सचा लिलाव झाला. एका बंद पडलेल्या खाणीत सापडलेली, १८८० च्या दशकातली, कुणीतरी वापरून टाकून दिलेली ही पॅन्ट. बोली लागली ७६ हजार डॉलरची. लिलावाचं कमिशन धरून आकडा गेला ८७,४०० डॉलरवर.

आता तुम्ही म्हणाल, एवढे पैसे कशाचे? तर त्यासाठी ती जीन्स बनवणाऱ्या माणसाची गोष्ट बघावी लागेल.

जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात बुटनहाइम नावाचं गाव आहे. तिथं २६ फेब्रुवारी १८२९ ला एका ज्यू कुटुंबात लोब स्ट्रॉसचा जन्म झाला. वडील फेरीवाले. त्या काळी बव्हेरियात ज्यूंनी कुठं राहायचं, लग्न कधी करायचं, यावरही सरकारी बंधनं होती. १८४६ मध्ये वडील क्षयानं गेले आणि पुढच्याच वर्षी आईनं लोब आणि त्याच्या बहिणींना घेऊन न्यूयॉर्क गाठलं. तिथं थोरल्या भावांचा कापडाचा धंदा होता. लोब त्यात शिरला आणि लोबचा लेव्ही झाला.

१८५३ मध्ये, चोविसाव्या वर्षी, तो सॅन फ्रान्सिस्कोला आला. कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली होती. तंबूचं कापड फाडून लेव्हीनं खाणकामगारांना पॅन्टी शिवून दिल्या, असं आपण ऐकलेलं असतं. पण ती दंतकथा आहे. लेव्ही शिंपी नव्हताच. तो घाऊक व्यापारी होता आणि पुढची वीस वर्षं त्यानं कापड, कपडे, रुमाल असाच माल विकला.

खरी आयडिया दुसऱ्याची होती. नेव्हाडातल्या रेनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका लाकूडतोड्याच्या बायकोनं त्याच्याकडं नवऱ्यासाठी लवकर न फाटणारी पॅन्ट मागितली. घोड्यांच्या झुलींसाठी आणलेली तांब्याची रिव्हेट त्यानं खिशांच्या कोपऱ्यांना ठोकली. पॅन्ट टिकली आणि मागणी वाढली. पेटंटसाठी भागीदार हवा म्हणून १८७२ मध्ये डेव्हिसनं, ज्याच्याकडून कापड घ्यायचा त्या लेव्हीला पत्र लिहिलं. २० मे १८७३ ला दोघांना पेटंट मिळालं. आज जग लेव्हीला ओळखतं, डेव्हिसला फार कमी लोक.

लेव्हीनं लग्न केलं नाही. धंदा भाच्यांना सोबत घेऊन वाढवला, अनाथालयाला देणग्या दिल्या, १८९७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात २८ शिष्यवृत्त्यांसाठी पैसे दिले. २६ सप्टेंबर १९०२ ला तो वारला. चारच वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, आग लागली आणि कंपनीची जुनी कागदपत्रं, जुना माल सगळं जळून गेलं.

व्हिंटेज कपड्यांची खरी मजा इथून सुरू होते. कागद जळाले, पण लोकांच्या अंगावरच्या पॅन्टी राहिल्या. त्यामुळं एकेका जुन्या जीन्सला इतिहासाच्या पुराव्याची किंमत आली. २००१ मध्ये खुद्द कंपनीनंच आपली १८८० च्या दशकातली एक जीन्स ऑनलाइन लिलावात ४६,५३२ डॉलरला परत विकत घेतली.

शौकीन लोक या पॅन्टी वाचतात. मागं एकच खिसा? म्हणजे १९०१ च्या आधीची. पट्ट्यासाठी लूप नाहीत, फक्त गॅलिसची बटणं? १९२२ च्या आधीची. लाल टॅबवर कंपनीच्या नावातला ‘ई’ मोठ्या लिपीतला? १९३६ ते १९७१ च्या दरम्यानची. नव्या कपड्यात अशी शोधाशोध करायला काही नसतं.

पण जुना कपडा नको तेही सांगतो. लिलावात गेलेल्या त्या जीन्सच्या खिशाच्या आत छापलंय, की हा माल फक्त गोऱ्या मजुरांनी बनवलेला आहे. १८८२ मध्ये अमेरिकेनं चिनी मजुरांना देशात यायला बंदी केली, तेव्हाच्या चीनविरोधी लाटेत ही जाहिरात खपत होती. कंपनीनं १८९० च्या दशकात ते धोरण सोडलं. पण ज्याच्या आईला बंधनांमुळं मुलांना घेऊन देश सोडावा लागला, त्याच माणसाच्या नावानं हा मजकूर विकला गेला, हे काही पुसलं जात नाही.

कंपनीच्या दप्तरात हा शिक्का असता तर आगीत गेला असता. तो कुणा खाणकामगाराच्या खिशात राहिला, म्हणून आज आपल्याला लेव्ही स्ट्रॉस दानशूर म्हणूनही कळतो आणि त्याच्या काळाच्या पापात सामील असलेला व्यापारी म्हणूनही.

जाता जाता, जीन्सच्या घराण्यातला ‘डंगरी’ हा शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून आला, असं मानलं जातं. तिथं विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडाचं ते नाव. तेव्हा पुढच्या वेळी जुन्या कपड्यांच्या ढिगात हात घालाल, तेव्हा खिसा उलटा करून नक्की बघा.