गणितानंद कापरेकर

नाशिकजवळील देवळाली हे गाव लष्करी छावणीमुळे सर्वांना ठाऊक आहे. ह्याच गावी १९३० पासून १९६२ पर्यंत एक साधे शालेय शिक्षक नोकरी करीत होते. पदवीच्या पुढचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते आणि कोणत्याही विद्यापीठात त्यांना जागा नव्हती. तरीही आज जगातील गणिताच्या पुस्तकांत त्यांचे नाव आढळते. ह्या शिक्षकांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा मोठा नाद असे. ज्योतिष खरे की खोटे हा प्रश्न निराळा. पण त्यासाठी आकडेमोड पुष्कळ करावी लागते, आणि ती पाहता पाहता मुलाला आकड्यांची गोडी लागली. आठ वर्षांचा असतानाच तो आईला पारखा झाला. ठाण्याच्या शाळेत शिकत असताना कोडी सोडविण्यात तो तासन् तास रमून जाई. पुढे तो पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाला. तेथे १९२७ साली गणितातील स्वतंत्र लेखनाबद्दल त्याला रँग्लर परांजपे ह्यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कापरेकर शिक्षक झाले.

त्यांच्या संशोधनाला प्रयोगशाळा लागत नसे. कागद, पेन्सिल आणि चिकाटी एवढ्यावर त्यांचे काम भागे. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरच्या एका रेल्वे स्थानकावर त्यांना एका जातीच्या संख्यांची कल्पना सुचली, तेव्हा त्या स्थानकाच्या नावावरून त्यांनी त्या संख्यांना ‘डेम्लो’ असे नाव देऊन टाकले! १, १२१, १२३२१ ह्या त्यांपैकीच होत. १, ११, १११ ह्यांचे वर्ग करून पाहिले म्हणजे त्या कोठून आल्या ते कळते.

परंतु कापरेकरांचे नाव सर्वत्र झाले ते १९४६ साली सापडलेल्या एका शोधामुळे. चार अंकांची कोणतीही संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. समजा, ३५२४ घेतली. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडले तर ५४३२ आणि चढत्या क्रमाने मांडले तर २३४५ होतात. मोठीतून लहान वजा केली की ३०८७ उरतात. पुन्हा तसेच करावे : ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा एकदा : ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि आता ७६४१ मधून १४६७ वजा केले, तर पुन्हा ६१७४ च! कोणत्याही संख्येपासून आरंभ करा, फार तर सात पायऱ्यांत ती ६१७४ पाशी येऊन थांबते. १९४९ साली मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत कापरेकरांनी हा शोध विद्वानांपुढे मांडला.

शिरूरवरून वाहत येणारी घोड नदी भीमेला मिळते आणि पुण्याकडून येणारी मुळा-मुठाही भीमेलाच मिळते. मग भीमा दौंडजवळून पुढे जाते. दौंडच्या काठावर ओंजळभर पाणी घेतले, तर त्यातील कोणता थेंब घोडीचा आणि कोणता मुठेचा हे कोण सांगू शकेल? कापरेकरांच्या ६१७४ चेही असेच आहे. शेवटी हाती आलेल्या संख्येवरून आरंभीची संख्या कोणती होती हे कोणालाही ओळखता येत नाही. जाण्याची वाट सोपी, परतीची वाट मात्र पुसलेली!

नेमक्या १९४९ सालीच अमेरिकेत जॉन फॉन नॉयमन हे थोर गणितज्ञ दुसऱ्याच टोकाकडून अशा संख्यांकडे पाहत होते. त्यांना यंत्राकडून यादृच्छिक, म्हणजे पुढे काय येणार याचा मुळीच अंदाज लागू नये अशा, संख्या हव्या होत्या. त्यांनी एक युक्ती सांगितली होती. संख्येचा वर्ग करावा व त्यातील मधले चार अंक उचलावे. १२३४ वरून ५२२७ आणि ५२२७ वरून ३२१५ मिळतात. वरवर पाहता ह्या संख्या बेशिस्त भासतात. परंतु ह्या वाटेवर फिरता फिरता एखादे वेळी ६१०० ही संख्या आली, तर तिच्यामागून २१००, मग ४१००, मग ८१०० आणि पुन्हा ६१०० येतात. मग यंत्र घाण्याच्या बैलाप्रमाणे त्याच रिंगणात फिरत राहते. कापरेकरांना ज्या थांबण्याचा आनंद झाला, तेच थांबणे येथे संकट ठरते.

हे संकट आज आपल्या दारापर्यंत आले आहे. बँकेचे पैसे आणि खासगी पत्रे संगणकावरून जातात, ती गुप्त संख्यांच्या कुलपाआड. ती संख्या मागे वळून शोधता येऊ नये आणि पुढे काय येणार हेही ताडता येऊ नये, असे दोन्ही गुण तिच्या अंगी लागतात. कापरेकरांच्या रीतीत पहिला गुण आहे, दुसरा नाही. कारण शेवटी ६१७४ च येणार हे सर्वांस ठाऊक! नुसत्या नियमाने दुसरा गुण येत नाही, म्हणून तो बाहेरून आणावा लागतो. संगणकाचा सर्व कारभार पाहणारी जी मुख्य आज्ञावली असते, तिच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. कळ दाबण्याच्या वेळेत किंवा यंत्राच्या निरनिराळ्या भागांकडून येणाऱ्या संदेशांच्या वेळेत जो सूक्ष्म अनियमितपणा असतो, तो हे कर्नेल टिपते, एकत्र घुसळते आणि त्यातून गुप्त संख्या काढते. लिनक्स नावाच्या कर्नेलमध्ये १९९४ साली थिओडोर त्सो ह्यांनी ही सोय केली. गुप्त संख्या करणाऱ्या एका दुसऱ्या आज्ञावलीतून २००६ साली चुकून अशी मिसळण काढली गेली. २००८ साली ती चूक उघडकीस आली तेव्हा असे दिसले, की अगणित कुलपांच्या जागी एकेका जातीची जेमतेम ३२,७६७ कुलपेच निघू शकत होती! एवढी तपासून पाहणे संगणकाला मुळीच अवघड नाही.

कापरेकरांच्या मनात ह्यांपैकी काही नव्हते. ते गंमत शोधीत होते, आणि त्यामुळेच अनेक विद्वान त्यांना हसत. हे तर मुलांचे खेळ, असे त्यांना वाटे. मोठी नियतकालिके त्यांचे लेख घेत नसत. तेव्हा कापरेकर शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारातून देवळालीस पुस्तिका छापून घेत. अशाच एका पुस्तिकेत, १९६३ साली, त्यांनी ‘स्वयंभू’ संख्यांची हकीकत लिहिली. २१ मध्ये तिचेच अंक मिळविले, तर २४ होतात. म्हणजे २१ ही २४ ची जनक. १०१ ला ९१ आणि १०० असे दोन जनक आहेत. पण २० ला जनकच नाही! कितीही शोधा, अंक मिळवून २० देणारी संख्या सापडत नाही. अशा पोरक्या संख्यांवर आईवेगळ्या वाढलेल्या ह्या गृहस्थांचे विशेष प्रेम असावे, याचे नवल वाटत नाही.

१९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून उतारवयात त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनर ह्या अमेरिकन लेखकाने एका प्रसिद्ध विज्ञान मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कोठे परदेशी गणितज्ञ त्यांची दखल घेऊ लागले. त्या वेळी कापरेकर सत्तर वर्षांचे होते. लोक त्यांना प्रेमाने गणितानंद म्हणत. १९८६ साली देवळाली येथे ते वारले.

ज्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली असता तीच संख्या पुन्हा येते, तिला आज कापरेकर संख्या म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५. २० आणि २५ मिळून ४५. इसवी सनाचे २०२५ हे वर्ष असे होते. ह्यानंतरचे तसे वर्ष ३०२५ हे असेल.