रेव्हरंड नारायण वामन टिळक : जीवन आणि कार्य

बारामती ही मोरोपंतांची कर्मभूमी. बारामती आणि इंदापूर ही दोन्ही गावे तुकोबांच्या पालखीच्या वाटेवर आहेत. या वाटेवरच्या माणसाला धर्मविचार भेटतो तो अभंग, आर्या आणि कीर्तन यांतून. एकोणिसाव्या शतकातील पाद्र्याची प्रतिमा याहून अगदी वेगळी होती. मिशनच्या वेतनावर जगणारा, परक्या पेहरावातला आणि परक्या वळणाची मराठी बोलणारा धर्मोपदेशक, अशी ती होती. मिशनच्या शाळांविषयी आदर आणि धर्मांतराविषयी रोष या दोन्ही भावना समाजात एकाच वेळी नांदत होत्या. ही प्रतिमा आतून बदलू पाहणारे धर्मोपदेशक म्हणजे रेव्हरंड टिळक.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. १८८० मध्ये त्यांचा विवाह लक्ष्मीबाईंशी झाला. संस्कृतचा व्यासंग, कवित्व आणि धर्मजिज्ञासा यांमुळे ते एका जागी फार काळ स्थिरावले नाहीत. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबल वाचण्यास दिले. ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनाचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत मोठी होती. स्वकीय दुरावले. लक्ष्मीबाई मुलासह काही वर्षे नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे त्या अहमदनगरला आल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा ताणतणाव विनोदाच्या अंगाने उतरला आहे.

१९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. अहमदनगर येथे त्यांनी धर्मशिक्षणाचे अध्यापन केले. १९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. तुकारामांच्या वाणीनेच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणले, अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणून त्यांनी ख्रिस्ती उपासनेला भजन, कीर्तन आणि अभंग यांची जोड दिली. ‘अभंगांजली’ हे याच दृष्टीचे फळ होय. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी आरंभिले. त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. त्यांची निसर्गकविताही मराठीत महत्त्वाची ठरली. बालकवी ठोंबरे काही काळ त्यांच्या घरी पुत्रवत राहिले.

मिशनमधील परदेशी वर्चस्व टिळकांना मान्य नव्हते. स्वाभिमान गहाण टाकून भारतीय ख्रिस्ती समाज उभा राहणार नाही, ही त्यांची भूमिका होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. त्यामुळे मंडळीची सीमा कोठे असावी, हा अवघड प्रश्न उभा राहिला. प्रयोग आकाराला येण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

धर्म बदलला म्हणजे भाषा, संस्कृती आणि देशप्रेम सोडावे लागते, हा समज टिळकांच्या जीवनाने खोडून काढला. धर्मोपदेशकाचा अधिकार वेतनातून किंवा पदातून येत नाही. लोकांच्या भाषेशी असलेल्या नात्यातून आणि स्वतः सोसलेल्या त्यागातून तो येतो, हे त्यांनी आचरणाने दाखविले. त्यांच्या कवितेचा अभ्यास करताना हा संदर्भ लक्षात ठेवणे आवश्यक आहे.