पाच सुरुंग आणि एक अफवा : चांदबीबीने नगरचा किल्ला कसा राखला, आणि तो पुढे कसा गेला?

ऑगस्ट २०१८. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून हॅकर्सनी ९४ कोटींहून जास्त रुपये पळवले. बँकेच्या एकाही शाखेचं कुलूप तुटलं नव्हतं. चोर दिसलेच नाहीत, कारण ते दारातून आलेच नव्हते.

असं काही घडलं की एक प्रश्न हमखास निघतो. हॅकर्सपासून बचाव ज्याचा त्याने करायचा, की देशाने स्वतः त्याची फळी उभारायची?

प्रश्न आजचा वाटतो, पण न दिसणाऱ्या वाटेने येणारा शत्रू नवा नाही. सव्वाचारशे वर्षांपूर्वी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्याला अशाच शत्रूने गाठलं होतं. तेव्हा किल्ल्यात होती चांदबीबी.

माहेर नगरचं, सासर विजापूरचं

चांदबीबीचा जन्म १५५० च्या सुमाराचा. वडील नगरचे सुलतान हुसेन निजामशाह. नगरच्या भुईकोटाला दगडी तटबंदी घातली ती त्यांनीच. आईचं नाव खुंजा हुमायूं. हुसेनशाहाच्या मृत्यूनंतर मुलगा लहान होता, तेव्हा काही वर्षं राज्य या आईनेच चालवलं. म्हणजे बाई राज्य कसं सांभाळते, हे चांदबीबीने घरातच पाहिलं होतं.

तिचं लग्न झालं विजापूरच्या अली आदिलशाहाशी. विजयनगरविरुद्ध दख्खनचे सुलतान एकत्र येत होते, त्या तहातलंच हे लग्न. सोलापूरचा किल्ला हुंड्यात गेला.

१५८० मध्ये अली आदिलशाहाचा खून झाला. गादीवर आला त्याचा नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम. त्याला वाढवायचं आणि राज्यही राखायचं, ही दोन्ही कामं चांदबीबीकडे आली. दरबारात सरदारांचे गट होते. त्यातल्या किश्वरखानाने तिच्यावर आरोप ठेवला की, ती माहेरच्या नगरकरांना विजापूरवर चाल करायला फूस लावते आहे. तेवढ्यावर तिची रवानगी साताऱ्याच्या किल्ल्यात कैदी म्हणून झाली. पुढे सरदारच किश्वरखानावर उलटले आणि ती सुटली.

शत्रूला सामील असल्याचा हा आरोप लक्षात ठेवायला हवा. तो तिच्या आयुष्यात आणखी एकदा येणार होता.

घरच्या भांडणात बाहेरचा पाहुणा

चांदबीबी नगरला परतली. १५९५ मध्ये इथला सुलतान, म्हणजे तिचा भाचा इब्राहिम निजामशाह, विजापूरविरुद्धच्या लढाईत मारला गेला. त्याचा मुलगा बहादूर अगदी लहान होता. गादीसाठी चार गट उभे राहिले आणि प्रत्येकाचा सुलतान वेगळा.

त्यातल्या मियां मंजूने वेगळीच शक्कल लढवली. त्याने थेट अकबराचा मुलगा मुराद याला गुजरातहून मदतीला बोलावलं. मुघलांची नजर दख्खनवर होतीच, त्यांना आयतं आमंत्रण मिळालं. मुराद येईपर्यंत मंजूने आपल्या विरोधकांना हरवलंही होतं. आता पाहुण्याची गरज उरली नव्हती, पण बोलावलेली फौज परत कशी जाणार? मंजू शहर सोडून निघून गेला.

संरक्षण दुसऱ्यावर सोपवलं की मदतीला आलेलाच मालक होऊन बसतो. हे ओळखून चांदबीबीने किल्ला स्वतःच्या हातात घेतला आणि बहादूरच्या नावाने कारभार सुरू केला. भांडणाऱ्या सरदारांना तिने एकत्र येण्याची हाक दिली. विजापूर आणि गोवळकोंड्यालाही निरोप गेले. तिने वाढवलेला इब्राहिम आदिलशाह आता विजापूरचा सुलतान होता. त्याने सुहैलखानाच्या हाताखाली फौज धाडली.

मदत तिनेही मागितली होती. फरक एवढाच की किल्ल्याच्या किल्ल्या तिने स्वतःकडेच ठेवल्या.

जमिनीखालची वाट

डिसेंबर १५९५ मध्ये वेढा पडला. तट जाड, भोवती खंदक. समोरून किल्ला घेणं अवघड होतं. म्हणून मुघलांनी जमिनीखालून वाट काढली. भुयारं खणून तटाच्या पायात पाच सुरुंग भरले.

समकालीन इतिहासकार फिरिश्ता याने पुढची हकीकत लिहून ठेवली आहे. मुघल छावणीतल्या ख्वाजा मुहम्मदखान शिराझी नावाच्या माणसाला आतल्या लोकांची दया आली. रात्रीच्या अंधारात तो किल्ल्यापाशी आला आणि सुरुंगांच्या जागा सांगून गेला.

चांदबीबीने वेळ घालवला नाही. लगेच आतून खणायला सुरुवात झाली. दोन सुरुंग सापडले, त्यातली दारू काढून टाकली. तिसऱ्याचं काम चालू असतानाच मुघलांनी तो उडवला. खणणारे जागीच गेले आणि तटाला भलंमोठं खिंडार पडलं.

किल्ल्यातले सरदार पळायच्या तयारीत होते. तेवढ्यात चिलखत घालून, चेहऱ्यावर बुरखा आणि हातात नंगी तलवार घेऊन चांदबीबी खिंडारात उभी राहिली. ते पाहून माणसं परत फिरली. मुघल मात्र बाकीचे सुरुंग उडण्याची वाट पाहत थांबले होते. ते उडालेच नाहीत. त्या थोड्या वेळात आतल्यांनी फळी उभी केली. संध्याकाळपर्यंत हल्ल्यामागून हल्ले झाले, सगळे परतवले गेले. रात्रभर तिने स्वतः उभं राहून खिंडार भरून घेतलं. सकाळी मुघलांना तिथे पुन्हा भिंत दिसली.

गोळे संपल्यावर तिने तोफांतून सोन्या-चांदीची नाणी डागली, असंही सांगतात. ती आख्यायिका आहे. खरी कामगिरी त्याआधीची होती. धोक्याची खबर मिळताच सुरुंग शोधले गेले, म्हणून पाचऐवजी एकच खिंडार पडलं.

आज देशपातळीवर जी व्यवस्था आहे, तीही याच कामासाठी. भारतात २००४ पासून सर्ट-इन ही संस्था सायबर हल्ल्यांचे इशारे देते. वीज, बँका, दळणवळण यांसारख्या यंत्रणांसाठी २०१४ मध्ये वेगळं केंद्र उभं राहिलं. २०२२ च्या नियमानुसार हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवावं लागतं. कारण एका बँकेला सापडलेला सुरुंग वेळेत कळला, तर दुसरी बँक आपल्या तटाखाली खणून पाहू शकते. एकेकट्याने लढणाऱ्याला ही खबर मिळतच नाही.

दुसरा वेढा

१५९६ मध्ये तह झाला. नगर वाचलं, पण वऱ्हाड मुघलांना द्यावं लागलं. पुढच्याच वर्षी सोनपेठजवळ दख्खनच्या एकत्रित फौजेचा मुघलांनी पराभव केला. नगरच्या दरबारात पुन्हा गट पडले. ज्याला तिने पेशवा नेमलं, तो आहंगखानच तिच्यावर उलटला.

१६०० मध्ये अकबराचा दुसरा मुलगा दानियाल मोठी फौज घेऊन आला. आहंगखान जुन्नरकडे निघून गेला. बाहेरून मदत येणार नव्हती आणि आतल्या लोकांत एकी उरली नव्हती. चांदबीबीने हिशोब केला. किल्ला देऊन बहादूर वाचत असेल तर त्याला घेऊन जुन्नरला जावं आणि राज्य तिथून चालवावं, असा तिचा विचार होता. तो तिने किल्ल्यातल्या एका विश्वासातल्या माणसाला सांगितला.

तो माणूस थेट रस्त्यावर गेला आणि चांदबीबी मुघलांना फितूर झाल्याची बोंब त्याने ठोकली. जमाव महालात घुसला. चार वर्षांपूर्वी जिच्यामुळे किल्ला वाचला, तिला किल्ल्यातल्याच लोकांनी मारलं.

विजापुरात हाच आरोप झाला तेव्हा ती कैदेतून सुटून आली होती. या वेळी शहानिशा करायला कुणी थांबलंच नाही.

थोड्याच दिवसांत मुघलांनी पुन्हा सुरुंग उडवले. या वेळी खिंडारात उभं राहणारं कुणी नव्हतं. ऑगस्ट १६०० मध्ये किल्ला पडला आणि बहादूर ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. पुढे मलिक अंबरने निजामशाही पुन्हा उभी केली, ती १६३६ पर्यंत टिकली.

मग उत्तर काय?

संरक्षणाची फळी देशानेच उभारायला हवी, हे पहिल्या वेढ्यात दिसतं. ती कुठे कमी पडते, हे दुसऱ्या वेढ्यात दिसतं. संरक्षणाच्या सगळ्या गोष्टी उघड करता येत नाहीत. पण लोकांना काहीच माहीत नसलं की ती रिकामी जागा अफवा भरून काढते. म्हणून सुरुंग शोधणाऱ्यांइतकंच काम, वेळेवर आणि खरं सांगून लोकांचा विश्वास राखणाऱ्यांचं असतं. आलेला मेसेज पुढे पाठवण्याआधी तपासणारा माणूसही त्याच फळीत उभा असतो.

चुकीची माहिती किती चिवट असते, ते नगरजवळच्या डोंगरावर गेलं की कळतं. तिथली तीन मजली वास्तू सगळे चांदबीबीचा महाल म्हणून ओळखतात. प्रत्यक्षात ती सलाबतखानाची कबर आहे.