मेजर थॉमस कँडी आणि मराठी वाक्यातील दोन मधले विराम

मराठीतील विरामचिन्हांचा विषय निघाला की मेजर थॉमस कँडी यांचे नाव घेतले जाते, आणि बहुधा तेवढ्यावरच विषय संपतो. इंग्रजीतील विरामचिन्हे त्यांनी मराठीत रूढ केली, हे विधान व्याकरणाच्या पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. या चिन्हांपैकी पूर्णविराम, स्वल्पविराम व प्रश्नचिन्ह मराठीत पूर्णपणे रुजली. अर्धविराम आणि अपूर्णविराम मात्र आजही संकोचाने, पुष्कळदा चुकीच्या जागी, वापरले जातात. असे का घडले याचे उत्तर कँडी यांच्या चरित्राच्या आणि ज्या इंग्रजी परंपरेत ते वाढले तिच्या आधारे शोधणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

थॉमस कँडी यांचा जन्म १३ डिसेंबर १८०४ रोजी इंग्लंडमधील ईस्ट नॉइल या गावी झाला. ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेऊन १८२२ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात दाखल होण्यासाठी हिंदुस्थानात आले. पेशवाईचा अस्त होऊन तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती. नव्या राज्यकर्त्यांना रयतेची भाषा जाणणारे अधिकारी हवे होते, आणि भाषेची मुळातच आवड असलेल्या या तरुणाकडे सैन्यात दुभाष्याचे काम आले. पुढे जेम्स मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामी थॉमस व त्यांचे जुळे बंधू जॉर्ज या दोघांचे साहाय्य घेण्यात आले. शास्त्रीमंडळींच्या मदतीने सिद्ध झालेला हा कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रकृतीच्या कारणास्तव मोल्सवर्थ मायदेशी परतल्यावर इंग्रजी-मराठी कोशाचे अपुरे राहिलेले काम कँडी यांनी अंगावर घेतले व १८४७ मध्ये ते तडीस नेले.

याच काळात शिक्षणखात्याशी त्यांचा संबंध दृढ होत गेला. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख १८३७ पासून त्यांच्याकडे होती. १८५१ मध्ये ही पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज स्थापन झाले, त्याच्या प्रमुखपदीही तेच होते. सरकारचे मराठी भाषांतरकार या नात्याने क्रमिक पुस्तके तपासणे व त्यांची भाषा एकसारखी करणे हे काम त्यांनी दीर्घकाळ केले. शाळेत शिकणाऱ्या मराठी मुलाच्या हाती पडणारे वाक्य कसे असावे, हे ठरविण्याचा एवढा अधिकार त्यापूर्वी क्वचितच कोणा एका व्यक्तीच्या हाती आला असेल.

हे वाक्य तोवर कसे लिहिले जात होते, हे लक्षात घेतले पाहिजे. मोडी लिपीत आधी शिरोरेषा ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत जात. शब्दांमध्ये अंतर नसे आणि विरामाची खूणही नसे. बाळबोध पोथ्यांत दंड असत, पण ते प्रामुख्याने श्लोकाचा वा ओवीचा शेवट दाखवीत. गद्यातील वाक्यांचे सांधे दाखविण्याचे काम भाषेची स्वतःची साधनेच करीत. 'करून', 'जाऊन' अशी धातुसाधिते, 'की', 'म्हणून', 'तरी', 'मग' अशी अव्यये आणि वाक्याच्या शेवटी येणारे क्रियापद यांच्या बळावर बखरकाराचे वाक्य वाचकाला न अडखळता वाचता येई. मुद्रणाच्या प्रसाराबरोबर मात्र ही स्थिती पालटू लागली. लेखक ओळखीचा नाही, वाचून दाखविणारा कोणी जवळ नाही, अशा एकट्या वाचकाला छापील पानावरच अर्थाच्या खुणा हव्या होत्या. ही गरज ओळखून कँडी यांनी १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक लिहिले.

ज्या इंग्रजी परंपरेतून ही चिन्हे आली, ती स्वतःच त्या वेळी एकमुखी नव्हती. पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिस येथील आल्डस मॅन्युशियस यांच्या छापखान्यात अर्धविराम प्रथम छापला गेला. पुढे इंग्रजीत या चिन्हांकडे दोन दृष्टींनी पाहिले गेले. एका दृष्टीने चिन्ह म्हणजे वाचताना घ्यावयाच्या श्वासाचे माप. लिंडली मरे यांच्या १७९५ च्या व्याकरणात, जे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शाळांतून अतिशय प्रचलित होते, स्वल्पविरामाच्या दुप्पट अर्धविराम, त्याच्या दुप्पट अपूर्णविराम आणि त्याच्याही दुप्पट पूर्णविराम असे चढते प्रमाण सांगितले आहे. दुसऱ्या दृष्टीने चिन्ह म्हणजे वाक्यांमधील संबंधाची खूण. आधुनिक इंग्रजीने हीच दृष्टी प्रमाण मानली.

या दुसऱ्या दृष्टीने दोन्ही चिन्हांचे नियम अगदी स्पष्ट होतात. अर्धविरामाच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र, पूर्ण वाक्य असावे लागते. अर्थाने ती वाक्ये निकटची असतात आणि त्यांना जोडणारे उभयान्वयी अव्यय गाळलेले असते. एक बाजू गौण वाक्याची असेल, तर तेथे स्वल्पविरामच हवा. यादीतील घटकांत आधीच स्वल्पविराम आले असतील, तर ते घटक वेगळे करण्यासाठीही अर्धविराम वापरतात. अपूर्णविरामाच्या डाव्या बाजूचे विधान पूर्ण असावे आणि त्याने जे सूचित केले, ते उजव्या बाजूने उलगडावे. म्हणूनच क्रियापद व त्याचे कर्म यांच्यामध्ये अपूर्णविराम घालणे इंग्रजीत दोष मानला जातो. मराठी उदाहरण घ्यायचे, तर 'पाऊस लांबला; पेरण्या खोळंबल्या' येथे दोन घटना शेजारी ठेवल्या आहेत. 'पेरण्या खोळंबल्या : पाऊस लांबला होता' येथे दुसरे वाक्य पहिल्याचे कारण सांगते. फरक श्वासाच्या लांबीचा नाही, विचाराच्या दिशेचा आहे.

मराठीत रूढ झालेल्या संज्ञा मात्र पहिल्या दृष्टीच्या आहेत. स्वल्प, अर्ध, अपूर्ण, पूर्ण ही सारी मापे आहेत, आणि 'विराम' हा शब्दही थांबणेच सुचवितो. नाव मापाचे व काम संबंधाचे, या विसंगतीमुळे विद्यार्थी अर्धविरामाकडे मोठा स्वल्पविराम म्हणून पाहू लागला. त्यातच 'की', 'म्हणून', 'कारण' ही अव्यये सहसा न गाळण्याकडे मराठीचा कल असल्याने या चिन्हांचे पुष्कळसे काम आधीच झालेले असते. अपूर्णविरामापुढे आणखी एक अडचण होती : त्याचे रूप विसर्गासारखे दिसते. म्हणून मुद्रकांनी त्याच्या आधी जागा सोडली किंवा त्याला पुढे आडवी रेघ जोडली.

कँडी यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या पुस्तकी भाषेवर इंग्रजी वळणाचा आक्षेप पुढे घेतला गेला. तो निराधार नाही. परक्या भाषेचा व्याकरणविचार मनात बाळगून एका अधिकाऱ्याने वाक्ये तपासली, तर बोलीतील लवचीकपणा काही प्रमाणात हरवणारच. तथापि याच आक्षेपाच्या संदर्भात विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची 'निबंधमाला' पाहण्यासारखी आहे. १८७४ मध्ये सुरू झालेल्या या मासिकाने मराठीचा अभिमान जागविला. त्यातील दीर्घ, तोलदार, एकावर एक विधाने रचत जाणारे वाक्य मात्र अर्धविरामाच्या आधारानेच उभे राहते. स्वभाषेच्या कैवाऱ्याला हे परके चिन्ह परके वाटले नाही, कारण त्याला मांडावयाच्या युक्तिवादाला त्याची गरज होती. चिन्ह रुजते ते नियमाने नव्हे, अशा गरजेने. शाळाखात्याच्या अधिकाराला जे साधले नाही, ते निबंधकाराच्या विचाराच्या निकडीने साधले.

'निबंधमाला' चालू असतानाच, २६ फेब्रुवारी १८७७ रोजी, महाबळेश्वर येथे कँडी यांचे निधन झाले. वयाच्या अठराव्या वर्षी आलेल्या या इंग्रज माणसाने आयुष्याची पन्नासहून अधिक वर्षे मराठीच्या कोशांत, भाषांतरांत आणि पाठ्यपुस्तकांत घालविली. त्यांना केवळ उपकारकर्ते ठरविणे किंवा केवळ भाषा बिघडविणारे ठरविणे, दोन्ही एकांगी होईल. त्यांनी मराठी गद्याला एक साधन दिले. त्याचा उपयोग कोणत्या विचारासाठी करावयाचा, हा प्रश्न मराठी लेखकांचा होता व आहे. आपल्या वर्गांतून ही दोन चिन्हे आजही बहुधा थांबण्याच्या प्रमाणाने शिकविली जातात. ती दोन विधानांतील नात्याने शिकविली, तर विद्यार्थ्याला प्रत्येक चिन्हापाशी स्वतःला विचारावे लागेल की आपण दोन गोष्टी शेजारी ठेवीत आहोत, की एकीने दुसरी उलगडीत आहोत. प्रबंधलेखनात अनेकदा नेमका हाच प्रश्न अनुत्तरित राहतो, आणि मग युक्तिवाद व नुसती विधानांची यादी यांतील फरक पुसला जातो.